बसून की उभ्याने? पंडवानी आणि स्त्रीचा आवाज

पंडवानी हा छत्तीसगढातील महाभारतकथेच्या गायनाचा प्रकार होय. भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून दक्षिणेकडे निघाले की उतई लागते आणि त्याच्या पलीकडे धानाच्या शेतांमधून विखुरलेली खेडी सुरू होतात. दुर्ग जिल्ह्याच्या या टापूत कापणी आटोपल्यावर अथवा गणपती-दुर्गेच्या उत्सवात रात्रभर कथा चाले आणि आजही चालते. मंचावर मुख्य गायक. त्याच्या एका हातात मोरपिसांनी सजवलेला तंबुरा, दुसऱ्यात करताल. मागे पेटी, तबला, ढोलक, मंजिरी घेऊन बसलेले साथीदार. त्यांच्यातील एकाला ‘रागी’ म्हणतात. तो गायकाला हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, श्रोत्यांच्या मनातील शंका बोलून दाखवतो आणि गायकाला दम घेण्यास उसंत मिळवून देतो. मराठी वाचकाला ही मांडणी परकी वाटणार नाही. पोवाड्यातील शाहिराच्या मागे उभा असलेला झीलकरी आणि आख्यान लावणारा हरिदास या दोघांचे काही ना काही अंश येथे दिसतात. पाची पांडवांत लोकांचा ओढा विशेषतः भीमाकडे. खाणारा, रागावणारा, अन्याय दिसताच गदा उचलणारा हा वीर कष्टकऱ्याला जवळचा वाटावा, यात नवल नाही.

पंडवानीच्या दोन शैली सांगितल्या जातात: वेदमती आणि कापालिक. वेदमती गायक बसून अथवा गुडघ्यांवर टेकून गातो आणि ग्रंथाला धरून चालतो. हा ग्रंथ म्हणजे व्यासांचे संस्कृत महाभारत नव्हे, तर सबलसिंह चौहान यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आरंभून अठराव्याच्या प्रथम चरणापर्यंत दोहा-चौपाईत रचलेले महाभारत होय. कापालिक गायक उभा राहतो. ‘कपाल’ म्हणजे मस्तक. मस्तकात साठवलेल्या कथेला स्वतःच्या कल्पनेने वाढवीत नेणारा तो कापालिक, अशी या शब्दाची फोड केली जाते. या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत एकमत नाही आणि दोन शैलींतील सीमारेषाही वर्णनात वाटते तितकी ठळक प्रत्यक्षात नसते. परंतु एक भेद स्पष्ट आहे. कापालिक गायक मंचावर चालतो, वळतो, झेपावतो. त्याच्या हातातील तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य, तर कधी दुःशासनाचा उपटलेला बाहू.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. झाडूराम देवांगन आणि पूनाराम निषाद हे पंडवानीचे दोन थोर पुरुष-गायक वेदमती शैलीचेच मानले जातात. तेव्हा बसून गाणे कमी प्रतीचे, असे मुळीच नाही. फरक इतकाच, की पुरुषाला दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. स्त्रीने गायचेच ठरवले तर तिने बसूनच गावे, असा संकेत होता.

स्त्रीने गाऊ नये, असे कोणी म्हणत नव्हते. छत्तीसगढात दिवाळीच्या दिवसांत बायका टोपलीत मातीचा राघू ठेवून त्याच्याभोवती फेर धरतात व सुवागीते गातात. लग्नात, शेतात, पाळण्याजवळ त्याच गातात. आपल्याकडील जात्यावरच्या ओवीप्रमाणे हा सर्व ठेवा स्त्रियांनीच राखला आहे. वाद उत्पन्न होतो तो ती चार परक्या माणसांसमोर गाऊ लागली म्हणजे. आणि तेव्हाही तिच्या सुराची चर्चा फारशी होत नाही. चर्चा होते ती तिच्या देहाची. ती बसली आहे की उभी, हातात काय धरले आहे, पदर कोठे आहे, आणि गाण्याचे पैसे घेतले की नाही, हे पाहिले जाते.

ही काही केवळ भारतीय खेड्याची अडचण नव्हे. अठराव्या शतकातील इंग्लंड घ्या. त्या काळी तेथील सुखवस्तू घरांत मुलीला संगीत शिकवणे हा शिक्षणाचा आवश्यक भाग होता. मात्र कोणते वाद्य शिकवावे, याविषयी कडक संकेत होते. हार्पसिकॉर्ड अथवा गिटार योग्य, कारण ती वाजवताना पाठ ताठ राहते, चेहरा वेडावाकडा होत नाही. व्हायोलिन हनुवटीखाली धरावे लागते, बासरीसाठी ओठांचा चंबू करावा लागतो; म्हणून ती पुरुषांची. व्हायोला द गांबा हे तर दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून वाजवण्याचे तंतुवाद्य. कुलीन स्त्रीने ते घेऊन लोकांपुढे बसणे म्हणजे मर्यादेचा भंगच.

ॲन फोर्ड (१७३७–१८२४) हिने नेमके तेच केले. लंडनच्या प्रतिष्ठित वर्तुळात वाढलेली ही तरुणी आपल्या घरी रविवारी मैफली भरवीत असे, तोवर वडिलांची हरकत नव्हती. वर्गणी गोळा करून जाहीर कार्यक्रम करण्याचा बेत तिने मांडला, तेव्हा मात्र वडिलांनी दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने तिला पकडून घरी आणवले. ती पुन्हा निसटली आणि मार्च १७६० मध्ये हेमार्केट येथील नाट्यगृहात तिने आपली मैफल केलीच. त्याच वर्षी गेन्सबरो या चित्रकाराने तिचे पूर्णाकृती चित्र रंगवले. चित्रात ती पायावर पाय टाकून, कोपर स्वरलिपीच्या वह्यांवर टेकवून ऐटीत बसली आहे आणि मागे गांबा दिसतो. चित्र पाहिलेल्या एका सरदारघराण्याशी संबंधित बाईंनी आपल्या पत्रात त्याची वाखाणणी केली खरी, परंतु आपल्या जिव्हाळ्याच्या कोणा स्त्रीचे असे चित्र निघाले तर आपल्याला फार वाईट वाटेल, असेही लिहिले. आक्षेप वादनावर नव्हता, बसण्यावर होता.

मोबदल्याचा प्रश्न एलिझाबेथ लिन्ली (१७५४–१७९२) हिच्या आयुष्यात अधिक उघडपणे दिसतो. बाथ येथील संगीतशिक्षकाची ही मुलगी लहानपणापासून गात होती व तिच्या गाण्यावर घराला मोठी प्राप्ती होती. १७७३ मध्ये तिचा विवाह नाटककार शेरिडन याच्याशी झाला. पतीजवळ पैसा नव्हता, तरीही त्याने तिच्यासाठी आलेली मोठमोठ्या रकमांची आमंत्रणे नाकारली. सभ्य गृहस्थाच्या पत्नीने पैसे घेऊन गावे, हे त्याला कमीपणाचे वाटले. डॉक्टर जॉन्सनसारख्या विद्वानानेही त्याची पाठ थोपटली. पुढे घरी जमलेल्या निमंत्रितांसमोर ती गाई, आणि तेथे तोच आवाज भूषणावह ठरे. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडातील एका श्रेष्ठ गायिकेचे जाहीर गायन असे संपले.

आता महाराष्ट्राकडे वळू. येथे प्रश्न तोच, पण उत्तर उलट दिशेने आले. विसाव्या शतकाच्या आरंभी व्यवसायाने गाणाऱ्या बायका मैफलीत पुष्कळदा उभ्याने गात. गाताना हावभाव करीत आणि सारंगिये, तबलजी वाद्ये कमरेला बांधून त्यांच्या मागे उभे राहून साथ करीत. गाणे ऐकले जाई तसे पाहिलेही जाई. बुवा तेवढे गादीवर बसून, तानपुऱ्यांच्या मध्ये, केवळ सुरांच्या बळावर ख्याल मांडीत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनी बसून, साध्या वेशात, हातवारे न करता ख्याल गाण्याचा प्रघात स्त्रियांसाठी रुजवला आणि तिकीट लावून जाहीर बैठकी केल्या. त्यावरही टीका झाली. पण हळूहळू मध्यमवर्गीय कुटुंबे आपल्या लेकीसुनांना घेऊन त्यांच्या गाण्याला येऊ लागली व पुढे त्याच लेकीसुना गाणे शिकू लागल्या.

महाराष्ट्रात गायिका बसली, ही तिची पुढची पायरी ठरली. दुर्गच्या खेड्यात गायिका उभी राहिली, ही तिची पुढची पायरी ठरली. एकाच शतकात आणि एकमेकींना लागून असलेल्या मुलखांत हे घडले. यावरून बसण्याला किंवा उभे राहण्याला स्वतःचा असा काही नैतिक अर्थ नसतो, हे उघड होते. जे पुरुषाचे मानले गेले ते स्त्रीने उचलले, एवढाच त्यातील समान धागा.

भिलाईपासून सुमारे चौदा किलोमीटरवर गनियारी नावाचे खेडे आहे. तेथे १९५६ मध्ये पारधी जमातीतील एका घरात तीजनबाईंचा जन्म झाला. पाखरे धरावीत, चटया आणि झाडू विणून विकावेत, अशी या जमातीची उपजीविका. योगायोग असा, की त्याच वर्षी, त्या काळच्या दुर्ग जिल्ह्यातच, खैरागढच्या राजा-राणींनी आपला राजवाडा दान करून दिवंगत कन्या इंदिरा हिच्या नावाने संगीत व कला यांचे विद्यापीठ उभारले. गनियारीतल्या मुलीला मात्र शाळाही लाभली नाही. तिचे विद्यापीठ म्हणजे तिच्या आईचे वडील ब्रिजलाल. ते महाभारत गात आणि नात ते चोरून ऐके. ऐकता ऐकता पर्वेच्या पर्वे तिला पाठ झाली. आजोबांना हे कळले तेव्हा त्यांनी तिला शिकवण्यास आरंभ केला. आईने मात्र तिला मारले, कोंडून ठेवले. पुढे उमेदसिंह देशमुख यांचेही मार्गदर्शन तिला मिळाले.

आईच्या या रागाचा विचार सहानुभूतीने करावयास हवा. छत्तीसगढातील ‘नाचा’ या लोकनाट्यात स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत. लोकांपुढे गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया मुख्यतः देवार या भटक्या जमातीच्या, आणि त्यांच्याकडे समाज कोणत्या नजरेने पाही, हे गावातील प्रत्येक आईला ठाऊक होते. आपली मुलगी त्यांच्यात गणली जाईल, ही भीती खोटी नव्हती. हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ (१९७५) या नाटकात राणीची भूमिका करून नावारूपास आलेल्या फिदाबाई मरकाम या देवार समाजाच्याच. परंतु तो मान मिळायला अजून अवकाश होता.

बाराव्या वर्षी तीजनबाईंचे लग्न झाले. त्यांनी गाणे सोडले नाही, म्हणून जमातीने त्यांना वाळीत टाकले. त्यांनी स्वतःपुरती झोपडी उभारली. शेजाऱ्यांकडून भांडी आणि धान्य उसने आणावे लागले. वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी या गावी त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला व त्याची बिदागी दहा रुपये मिळाली. शेरिडनने नाकारलेल्या रकमांपुढे हे दहा रुपये काहीच नव्हेत. पण या मुलीसाठी नकार देणारा आणि तिच्या पोटाची तरतूद करणारा पती अथवा पिता जवळ नव्हता. दहा रुपयांत तिचे धान्य येणार होते.

त्या उभ्या राहून गायल्या. कापालिक शैलीत पंडवानी सादर करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. या उभे राहण्याचा अर्थ केवळ अंगस्थितीपुरता नाही. बसलेली गायिका भीमाविषयी सांगते. उभी राहिलेली गायिका भीम होते. ती मिशीला पीळ देते, मांडी ठोकते, गदा खांद्यावर टाकते, आणि दुसऱ्याच क्षणी केस मोकळे सोडलेली द्रौपदी होऊन सभेतील पुरुषांना जाब विचारते. घट्ट नेसलेला लुगरा, म्हणजे आपले लुगडेच, हातापायांत चांदीचे दागिने, भाळी मोठे कुंकू, असा संपूर्ण बाईचा वेश. आणि त्या वेशातून बाहेर पडणारा भरड, खणखणीत, मैदान भरून टाकणारा आवाज. त्यांनी पुरुषाचे सोंग घेतले नाही. साडीतल्या बाईनेच दुःशासनाचा वध केला. गावाला खटकले ते बहुधा हेच असावे, आणि गावाने पुढे डोक्यावर घेतले तेही हेच.

त्यांच्या यशाला अनेक कारणे एकत्र आली. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली व देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कामगारांची नवी नगरी वसली. तिच्या उत्सवमंडपांना आणि कारखान्याने भरवलेल्या लोककला महोत्सवांना कलावंत हवे होते. रायपूरच्या आकाशवाणीने झाडूराम देवांगन यांच्यासारख्यांचा आवाज घरोघरी नेला होता. अशात हबीब तन्वीर यांची दृष्टी तीजनबाईंवर पडली आणि पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यासमोर त्यांचे गायन झाले. १९८० च्या दशकात त्या परदेशी गेल्या. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या दूरदर्शनमालेत महाभारताच्या प्रसंगी त्यांचेच दर्शन घडले. भिलाई पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. १९८७ मध्ये पद्मश्री, १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २००३ मध्ये पद्मभूषण, २०१८ मध्ये जपानमधील फुकुओका पुरस्कार व २०१९ मध्ये पद्मविभूषण, असा सन्मानांचा क्रम आहे. ही यादी वाचताना एक विसरू नये, की वाळीत टाकण्यापासून पहिल्या राष्ट्रीय सन्मानापर्यंतची मधली वर्षे त्यांनी खेडोपाडी रात्री जागवून काढली होती.

आता एक कठीण प्रश्न. तीजनबाईंना ‘गायिका’ म्हणावे की ‘रचनाकार’? संगीताच्या इतिहासात स्त्रियांना वादक-गायक म्हणून जागा मिळते; रचनाकार म्हणून ती क्वचितच दिली जाते. इंग्लंडात ही जागा छापील पुस्तकाने मिळाली. हँडेलच्या ऑरेटोरिओंत गायलेल्या एलिझाबेटा द गांबारिनी हिने १७४८ मध्ये आपल्या हार्पसिकॉर्डच्या रचनांचा संग्रह प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये स्त्रीने स्वतःच्या कळवाद्य-रचनांचा असा संग्रह छापण्याचा तो पहिला प्रसंग समजतात. ॲन फोर्डनेही गिटार आणि काचेचे प्याले वाजवण्याची शिक्षणपुस्तके काढली. कागदावर नाव उमटले म्हणून आज त्यांना रचनाकार म्हणता येते.

पंडवानीत कागदच नाही. कथा व्यासांची, चौपाया सबलसिंहांच्या, चाली परंपरेच्या; मग गायिकेचे काय? तिचे पुष्कळ आहे. कोणता प्रसंग निवडायचा, चौपाई कोठे तोडून छत्तीसगढी बोलीत संवाद सुरू करायचा, रागीच्या कोणत्या प्रश्नाला विनोदाने उत्तर द्यायचे, द्रौपदीच्या तोंडी किती बोलणे घालायचे, लय कोठे दुप्पट करून एकदम थांबवायची, हे सारे ती उभ्या उभ्या ठरवते. श्रोते पेंगुळले आहेत असे दिसले तर युद्ध आधी आणते. बायका अधिक जमल्या असतील तर सभापर्व लांबवू शकते. तोच कीचकवध दुसऱ्या रात्री निराळा होतो. सहीपुरतीच अक्षरे येणाऱ्या स्त्रीने अशी रचना करावी, हे शिक्षितांना चमत्कारिक वाटते. वस्तुतः रचनेचा आणि लेखनाचा संबंध आपण गृहीत धरतो तितका घट्ट नाही. आपल्या जात्यावरील ओव्यांच्या रचनाकार स्त्रियांनी तरी लेखणी कोठे धरली होती? माझ्या मते तीजनबाईंना रचनाकार म्हणण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. संकोच आहे तो आपल्या व्याख्येत.

मात्र लिहिलेले नसल्याचा तोटाही आहे. ध्वनिमुद्रणात एका रात्रीचा एकच पाठ बंदिस्त होतो, तोही पुष्कळदा शहरी रंगमंचासाठी तासा-दोन तासांत आटवलेला. संबंध रात्र चालणारी, रागीशी रेंगाळत बोलणारी, श्रोत्यांतल्या एखाद्या म्हातारीला मध्येच हाक मारणारी पंडवानी त्यात येत नाही. ती ज्यांनी समोर बसून ऐकली त्यांच्यापाशीच राहते, किंवा शिष्यांच्या गळ्यात.

कापालिक शैलीत उभ्याने गाणाऱ्या स्त्रिया आता अनेक आहेत. भिलाईच्याच उषा बारले यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. खैरागढच्या त्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी २०२० मध्ये छत्तीसगढी लोकगीतांच्या गायिका ममता चंद्राकर यांची नेमणूक झाली. आणि भिलाईनजीकच्या रुआबांधा येथील रितु वर्मा, ज्या लहान वयातच परदेशांतील मंचांवर पोहोचल्या, त्यांनी वेदमती शैली पत्करली. त्या बसून गातात. तंबुरा मांडीशी टेकवलेला, एक गुडघा भुईवर, आणि कथेचा आवेग चढला की त्या गुडघ्यावरच अर्ध्या उठतात, हात डोक्याच्या वर जातो, रागी ‘हां’ म्हणतो, आणि त्या पुन्हा खाली बसतात.